रघूच्या गाडीतली करकर

निवृत्तीनंतर माझं पोस्टिंग चेन्नईला झालं. हुकूम मुलीचा. ती आणि जावई सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरीला, राहायला वेलचेरीत चौथ्या मजल्यावर. आम्ही नवरा-बायको आजऱ्याहून दोन पेट्या आणि माझी टूल बॅग घेऊन आलो. "तिकडं पाने कशाला?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, "मेकॅनिक माणूस रिकाम्या हाताने ड्यूटीवर जात नाही." तिने कपाळाला हात लावला, पण बॅग काही काढली नाही.

मी फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होतो. नायब सुभेदार म्हणून बाहेर पडलो. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बंदूक. माझ्या हातात बंदुकीपेक्षा पाना जास्त राहिला. गाडी चालली तर वर चौकीवर रेशन पोचतं, आणि पोटात काही असेल तर बंदूक चालते. एवढं सांगितलं की सोसायटीतले लोक मान हलवतात आणि लगेच आपल्या स्कूटरचं दुखणं सांगायला लागतात.

वेलचेरीतला दिवस ठरलेला आहे. पहाटे उठणं, दाढी, तळ्याकाठी फेरी, कोपऱ्यावर कॉफी. कॉफीवाला मला 'सार' म्हणतो आणि मी त्याला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ. आमची तमिळ तेवढ्यावरच थांबते. दिवस बरा जातो. पण कामाची सवय असलेल्या माणसाला बरा दिवस पुरत नाही.

एका शुक्रवारी चेन्नईतल्याच अड्यारहून सुलोचनावहिनींचा फोन आला.

"दादा, गाडींत आवाज येतोय. चक्र फिरवलं कीं करकर करतें. श्रीकांत म्हणतो, विकून टाकूं. उद्यां सांजेस घेणारा येणार. तुम्ही एकदां पाहून जातां कां?"

"येतो," मी म्हटलं. "सकाळी येतो."

सुलोचनावहिनी म्हणजे हवालदार रघुनाथ राव याची पत्नी. आणि रघू म्हणजे काय, ते जरा सांगायला हवं.

त्याची माझी पहिली भेट ईशान्येकडच्या एका उंच खिंडीखाली झाली. आमचं लाइट एड डिटॅचमेंट, म्हणजे गाड्या दुरुस्त करणारी छोटी तुकडी, तिथे होतं. रघू ट्रकचा ड्रायव्हर म्हणून आला. उंच, काळा, मिशा मद्रासी. मी त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागलो, तर गडी म्हणाला, "आपण कोण्या गांवचे म्हणायचे?" मी हातातला पाना खाली ठेवला. त्याचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेले. घरात अजून मराठी बोलायचे, पण ती तेव्हाचीच, तमिळची फोडणी दिलेली. मी त्याला म्हणायचो, "तू बोलायला लागलास की मला मुजरा करावासा वाटतो." तो म्हणायचा, "करा कीं मग." त्या बर्फात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. त्याची मराठी मला हसवायची आणि माझी त्याला. तीन हिवाळे आम्ही एका बुखारीजवळ, म्हणजे पत्र्याच्या शेगडीजवळ, काढले.

अड्यारचं त्याचं घर जुन्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर आहे. नदी जवळ. शनिवारी सकाळी मी पोचलो तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. गाडी समोर पार्किंगमध्ये. छोटी, पांढरी, तेरा वर्षांची. शेवटच्या मोठ्या रजेत रघूने घेतलेली. तंजावरला देवीला जाऊन येऊ म्हणाला होता. तेवढं एकदा गेले, आणि रजा संपली.

श्रीकांत लॅपटॉप काखेत मारून आला. रघूचा मुलगा, बापाएवढाच उंच. त्याची मराठी कळते तेवढीच, बोलणं इंग्रजीत नाहीतर तमिळमध्ये. पण माझ्यासाठी प्रयत्न करतो.

"काका, गॅरेजवाले बोलले, स्टिअरिंग रॅक गेला. मी पण व्हिडिओ पाहिले. रॅक असू शकतं, नसू पण शकतं. मला माहीत नाही." तो थांबला. मग वहिनी आत गेल्याचं बघून हळू म्हणाला, "अप्पा गाडीत गेले. अम्मा ह्या गाडीत बसते, हॉस्पिटलला, देवळाला. उद्या स्टिअरिंग जाम झालं तर? मला रिस्क नको, काका. एकच राहिली आहे ती."

पोरगं काही चुकीचं बोलत नव्हतं. रॅक म्हणजे पुढची चाकं वळवणारी मुख्य दांडी, ती गेली की गाडीचा भरवसा नाही. मी म्हटलं, "रॅक असला तर मीच सांगेन, विक. नसला तर?"

"नसला तर ठेवू. प्रॉमिस."

त्याला ऑफिसची मीटिंग होती, तो आत गेला. वहिनी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. "दादा," त्या म्हणाल्या, "त्यांचं असं घरांत काय राहिलं? पेटी आली, कपडे आले. कपड्यांचा वास गेला. ही एक आहे, जी चालते."

मी बाह्या वर केल्या. 

स्टिअरिंगचा आवाज शोधायची एक पद्धत असते. आधी गाडीला प्रश्न विचारायचे, पाना नंतर. आवाज चालताना येतो की उभ्या गाडीत? इंजिन चालू असताना की बंद असतानाही? चाक पूर्ण वळल्यावर की वळायला लागल्या लागल्या? मी किल्ली फिरवून लॉक सोडला, इंजिन बंदच ठेवलं आणि स्टिअरिंग फिरवलं. कर्र. परत फिरवलं. कर्र. इंजिन बंद असूनही आवाज येतो, म्हणजे पॉवर स्टिअरिंगची मोटर संशयातून सुटली. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून गाडी जॅकवर घेतली, स्टँड दिले. पुढची चाकं हवेत. तरी आवाज तोच. म्हणजे टायर जमिनीला घासतोय म्हणून नाही.

यापुढचं काम एकट्याचं नव्हे. एकाने वर बसून स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक सांध्याला हात लावायचा. कान फसतो. हात फसत नाही. जो सांधा खराब असतो तो तळव्याला गुदगुल्या करतो.

"वहिनी, तुम्हाला बसावं लागेल."

"कुठं?"

"स्टिअरिंगवर."

त्या दोन पावलं मागे सरल्या. "ऐयो, मी कधीं तिथं बसलें नाहीं. ते चालवत, मी बाजूस."

"चालवायची नाही. मी सांगेन तसं फिरवायचं. गाडी जागची हलणार नाही."

त्यांनी पदर खोचला, चपला काढून बाहेर ठेवल्या आणि बसल्या. देवघरात बसावं तशा. मी सतरंजी टाकून गाडीखाली गेलो.

"डावीकडे."

"डावें... डावें झालें, दादा."

माझा हात तिथेच राहिला.

रघू हेच म्हणायचा. हेच शब्द, हाच हेल. खिंडीखाली, मायनस तापमानात, मी ट्रकखाली पाठ टेकून पडलेला आणि वर केबिनमध्ये रघू. मी म्हणायचो डावीकडे. तो म्हणायचा, डावें झालें. फौजेत हुकूम परत म्हणून दाखवायची शिस्त असते, पण ही शिस्त नव्हती, हा त्यांच्या घरचा सूर होता. बारा वर्षांनी तो आवाज मला वरून ऐकू आला. चेन्नईचा उकाडा होता, डोळ्यांत घाम गेला म्हणायला सोय होती. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी रघू इतका हवासा वाटला की गाडीखालून बाहेर यावंसं वाटेना.

"दादा? थांबूं कां?"

"नाही. उजवीकडे."

"उजवें झालें."

तो गेला त्या दिवशी सकाळ स्वच्छ होती. वर रेशन पोचवून रघूचा ट्रक खाली येत होता. मागे रजेवर निघालेले सात जवान. मी वर्कशॉपमध्ये होतो. रेडिओवर आवाज आला.

"टँगो टू, टँगो टू. पहाड़ गिरा है. रिकव्हरी चाहिए. ओव्हर."

"गाड़ी कहाँ है? ओव्हर."

"गाड़ी रोड पर है. पीछे वाले सब ठीक. ड्राइवर कैज़ुअल्टी. ओव्हर."

आम्ही रिकव्हरी गाडी, म्हणजे अडकलेली वाहनं ओढून आणणारी गाडी, घेऊन निघालो. दगड अजून सुटत होते. वळणावर ट्रक दिसला. केबिनचं छप्पर डोंगराच्या बाजूने आत दाबलं गेलं होतं. दुसऱ्या बाजूला दरी. खाली नदीचा आवाजसुद्धा वर येत नाही, इतकी खोल.

मेकॅनिकची नजर वाईट असते. मी आधी चाकं बघितली. पुढची चाकं पूर्ण डोंगराकडे वळलेली. हँडब्रेक वर ओढलेला. गिअर टाकलेला. उतारावर गाडी थांबवायची तर चाकं डोंगराकडे, हे आम्ही रंगरुटांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. म्हणजे ब्रेक सुटला तरी गाडी डोंगराला टेकते, दरीत जात नाही. दगड लागल्यावर रघूजवळ किती वेळ होता, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, फार नव्हता. होता तेवढ्यात त्याने एवढं केलं. सातही जवान मागून चालत उतरले. त्यातला एक रस्त्यात उभा राहून मला पुन्हा पुन्हा सांगत होता, "उस्ताद, गाड़ी हिली भी नहीं."

ती गाडी मीच खाली आणली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

इकडे खाली मी एकेक सांधा तपासत गेलो. चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकांना खेळ, म्हणजे ढिलेपणा, नाही. स्प्रिंगवर तळवा ठेवला, ती अडखळून उडी मारत नव्हती, सरळ फिरत होती. रॅकच्या दोन्ही टोकांची रबरं शाबूत, गळती नाही. मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक रॅकवर टेकवलं, मूठ कानाला लावली. डॉक्टरची नळी म्हणा. रॅक गप्प. टोक वर सरकवत नेलं, आवाज वाढला. घोडं पेंड खात होतं ते वर, गाडीच्या आत.

"वहिनी, उतरा आता. मला आत यायचंय."

जुनं साधं मॉडेल, एअरबॅग नाही, म्हणून तिथे हात घालायला मी धजावलो. एअरबॅग असती तर गॅरेजला पाठवली असती. पायाखालचा गालिचा उचलला. स्टिअरिंगचा दांडा जिथे गाडीच्या पत्र्यातून खाली जातो तिथे रबराची टोपी असते, आणि तिच्या आत एक सांधा. हातातली बॅटरी लावून बघितलं, आणि क्षणभर काही कळेना. टोपीवर काळा, चिकट थर. डिंकासारखा. नखाने खरवडला, हुंगला.

तिळाचं तेल. समईतलं.

मी वळून बघितलं. वहिनी गाडीच्या दाराशी उभ्या होत्या.

"वहिनी, इथं कोणी तेल घालतं का?"

"मी घालतें कीं," त्या सहज म्हणाल्या. "दर शनिवारी. देवास दिवा लावतें, मग एक चमचा इथं. ते म्हणाले होते, जिथं फिरतं तिथं तेल लागतं. ही जागा दाखवून गेले होते." बोलता बोलता त्या थांबल्या. "कां? तें चुकलें कां?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ज्या माणसाने जाताना चाकं सरळ सोडली नाहीत, त्याच्या गाडीपाशी खोटं बोलवेना.

"आवाज त्याचाच आहे, वहिनी. हे तेल वाळून चिकटतं. त्यात धूळ बसते. दांडा फिरला की रबर ओढलं जातं आणि करकरतं."

त्या पायरीवर बसल्या. "म्हणजे मीच बिघडवली. बारा वर्षें मीच."

"जरा थांबा. अजून माझं बघून झालं नाही."

साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, चिंध्या. रबराला रॉकेल लावायचं नसतं, ते फुगतं. थर हळूहळू सुटत गेला. टोपी सरकवून आतला सांधा पुसला. बॅटरी जवळ नेली, आणि मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"वहिनी, इकडे या. हे बघा." मी बॅटरी शेजारच्या बोल्टवर धरली. "मागे इथे पुराचं पाणी शिरलं होतं ना?"

"सीटपर्यंत आलें होतें."

"हा बोल्ट बघा. गंजून लाल झालाय. हा ब्रॅकेट बघा, पापुद्रे सुटलेत. आता हा सांधा बघा." सांधा चकचकीत होता. शोरूममधून आल्यासारखा. "गाडी अशी पाण्यात उभी राहिली की हा सांधा गंजून धरतो. श्रीकांतला जी भीती वाटते ना, स्टिअरिंग जाम होण्याची, ती इथूनच येते. तुमचं तेल अंगावर होतं म्हणून पाणी आत गेलं नाही. आवाज तेलानं केला. पण सांधा तेलानंच राखला."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतां."

"वहिनी, मी तुमच्या नवऱ्याशी कायम भांडलो. गाडीच्या बाबतीत मी कोणाच्या मनासारखं बोलत नाही. बोट लावून बघा."

त्यांनी बोट लावलं. बराच वेळ ठेवलं. मग पदराने डोळे पुसले, आणि त्याच पदराने तो सांधाही पुसला.

रबराच्या कडेला सिलिकॉन ग्रीस लावलं, टोपी बसवली. सांध्याला खेळ नव्हता, बोल्ट घट्ट होते. गाडी खाली घेतली. श्रीकांत मीटिंग संपवून आला तर मी त्याला बसवलं. त्याने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. मग इंजिन चालू करून, मग रस्त्याला एक चक्कर मारून आला. पार्किंगमध्ये उभी करून बसूनच राहिला.

"रॅक नाही?" त्याने काच खाली करून विचारलं.

"रॅक नाही. तरी सोमवारी लिफ्टवर घेऊन बाकीचा गंज तपासून घे. आवाज गेला म्हणजे गाडी निरोगी झाली असं नसतं."

"सेरि, काका." बरंय, असं तमिळमध्ये. त्याने फोन काढला आणि संध्याकाळी येणाऱ्या माणसाला तमिळमध्ये दोन वाक्यांत कटवलं. वहिनी आत कॉफी करायला गेल्या. जाताना चालणं हलकं झालं होतं.

कॉफी पिऊन मी निघालो, तेव्हा वहिनी पार्किंगमधल्या गाडीपर्यंत सोडायला आल्या.

"दादा, आतां शनिवारीं तेल कुठं घालूं?"

"कुठेच नाही, वहिनी. ग्रीस वर्षभर पुरेल. मी येऊन लावून जाईन."

"वर्षभर." त्या गाडीच्या टपावरून हात फिरवत राहिल्या. "मग शनिवारीं मी काय करूं?"

   बारा वर्षं ही बाई दर शनिवारी नवऱ्याचं एक काम करत होती, आणि ते मी साबणाच्या पाण्याने धुऊन टाकलं होतं.

मी हातातली टूल बॅग खाली ठेवली.

"या इकडे," मी म्हटलं. "रघू रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी तिला एक फेरी मारायचा. प्रत्येक ड्रायव्हर मारतो. फर्स्ट परेड म्हणतात. ती शिकवतो."

मी दाखवलं. पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात. टायरला हाताने दाबायचं. कापलेलं आहे का बघायचं. वाकून गाडीखाली नजर टाकायची, काही गळतंय का. मग मागे, मग पलीकडून पुढे. बॉनेट उघडायचं, तेलाची काडी बघायची, पाण्याची पातळी बघायची. दिवे. हॉर्न. वहिनी माझ्या मागे चालत होत्या आणि प्रत्येक गोष्ट परत म्हणत होत्या. टायर झालें. पाणी झालें. दिवे झालें.

"आणि मग?"

"मग ड्रायव्हर मेकॅनिकला रिपोर्ट देतो."

"मी कोणास देऊं?"

"मला फोन करा."

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी फोन येतो. त्या जास्त काही बोलत नाहीत. "दादा, गाडी फिट आहे." एवढंच. रघू तीन हिवाळे मला रोज हेच सांगून रस्त्याला लागायचा, आणि मी मान वर न करता 'जा' म्हणायचो.

आता मला 'ठीक आहे' एवढंच म्हणायचं असतं. पण ते तोंडातून निघायला दर शनिवारी थोडा वेळ लागतो, आणि वहिनी फोन धरून थांबतात.